नाकतोड्याचं उपजत दुखणं

आमच्या वोनोसोबो या डोंगरी गावात कुणाचं लग्न मोडलं तर लोक कारण विचारतात. शेळी मेली तरी विचारतात. पण नाकतोड्याच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं तर कुणी काही विचारत नाही. "उपजत दुखणं आहे," म्हणतात आणि आल्याचा चहा मागवतात.

नाकतोडा म्हणजे मोटारसायकल. कंपनीनं तिला काहीतरी ऐटबाज नाव दिलं होतं, पण तिचे उंच पाय आणि हिरवा रंग बघून लोकांनी तिचा नाकतोडा केला. कंपनीनं ती चार वर्षं काढली आणि बंद केली. आमच्या पुरुषांनी मात्र तिला सोडलं नाही. त्यांनी तिचं मंडळ काढलं.

मला त्या मंडळाची किळस येते. आधीच सांगून टाकते, म्हणजे बाई मनात अढी ठेवून सांगत होती असं नंतर कुणी म्हणायला नको. अढी आहेच.

मंडळात सगळे एकमेकांना काका म्हणतात. मिसरूड न फुटलेला पोरगा साठीच्या माणसाला काका म्हणतो आणि साठीचा माणूस उलट त्यालाही काकाच म्हणतो. अध्यक्षांना तेवढं कुणी काका म्हणत नाही. ते पाक हार्दिमान; पाक म्हणजे आदरानं बाबा. जमीनमोजणीत जन्म गेला, आता निवृत्त. बोलणं इतकं मऊ की चूक आपलीच असावी असं वाटायला लागतं. दर रविवारी सकाळी चौकातल्या वडाखाली सगळे नाकतोडे रांगेत उभे राहतात, काका लोक टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, भजी खातात आणि कुणाचं बेअरिंग कितव्यांदा गेलं ते सांगतात. पहिल्यांदा ज्याचं जातं त्याला टाळ्या आणि एक बिल्ला. गेलेली बेअरिंगं धुऊन किल्लीला लावायची पद्धत आहे. माझ्या नवऱ्याच्या, मास गियांतोच्या (मास म्हणजे दादा, नवऱ्यालाही तेच म्हणतात), किल्लीला इतकी लटकलीत की खिसा फाटतो. पडलेले दात कुणी किल्लीला बांधून मिरवतं का? हे मिरवतात.

बेअरिंग जातं म्हणजे काय होतं, ते मी मासच्या मागे बसून शिकले. आधी मागून घरघर येते. मग चाक प्ले द्यायला, डुगडुगायला लागतं, वळणावर बूड एकीकडे आणि गाडी दुसरीकडे. मग चाकाचा मधला भाग, हब, इतका तापतो की हात लावू नये. त्याच्यापुढे चालवलं तर चाक धरतं, जागच्या जागी अडकतं, आणि आमच्या उतारावर चाक धरलं तर खाली कोबीची शेतं आहेत, पण फार खाली.

आता माझी गोष्ट. माझ्याकडेही नाकतोडा आहे. बंजारनेगाराच्या एका शिक्षकाकडून घेतला, तोवर त्यानं तो शाळा ते घर एवढाच चालवलेला. मी टोफू करते आणि विकते. पहाटे दोन्ही बाजूंना टोफूचे क्रेट बांधायचे, वर डोंगरातल्या केजाजार गावापर्यंत चढायचं, विकत विकत खाली यायचं. क्रेटमधून आंबट पाणी गळतं ते सगळं मागच्या चाकावर. पावसातही तेच, धुक्यातही तेच. मंडळाच्या कुठल्याही गाडीनं याच्या निम्मं ओझं वाहिलेलं नाही. आणि माझं बेअरिंग कधी गेलं नाही. एकदाही नाही.

मला ते बु वुर, म्हणजे वुरबाई, म्हणतात, आणि यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बु वुर, बायका हळू चालवतात."

हळू चालवतात म्हणे. टोफू आंबायच्या आत विकायचा असतो, त्यांच्या गप्पा कधीच आंबत नाहीत.

माझी मुलगी रेत्नो लग्न होऊन वर केजाजारला असते. जावई जहाजावर. रेत्नोला दिवस गेले, सातवा सरला, आणि सुईणबाईंनी सांगितलं की रक्तदाब वर जातोय, दर आठवड्याला खाली इस्पितळात दाखवायचं, एकही खेप चुकवायची नाही. मी त्या दिवशीच मासला सांगून ठेवलं, "पोरगी खाली येईल ती माझ्या गाडीवर. तुमच्या गाडीवर नाही, मंडळातल्या कुणाच्याही गाडीवर नाही."

"बरं," मास म्हणाला. मास नेहमीच बरं म्हणतो. त्याच्या तोंडात दुसरा शब्द असता तर मी सुखात असते.

मग एकदा त्याचं बेअरिंग पुन्हा गेलं. अंगणात चाक सोडून बसला होता, आणि माझंही चाक शेजारी सोडलेलं होतं, कारण मला ब्रेक साफ करून हवे होते. चाकाच्या मधोमध दोन बाजूंना दोन बेअरिंगं असतात आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी नळी. नळीचं काम एवढंच की दोघांना आपापल्या जागी दूर ठेवायचं. मासनं दोन्ही नळ्या पुसून टोफू दाबायच्या सपाट दगडावर उभ्या ठेवल्या, कारण तेवढीच जागा कोरडी होती. मी दगड धुवायला गेले आणि थांबले. माझी नळी उंच होती. फार नाही, नखाएवढी. पण टोफूच्या साच्यावर एवढा फरक पडला तर मी वडी फेकून देते.

"मास, तुमची नळी आखूड आहे."

"हं."

"आखूड नळीवर नट आवळला की दोन्ही बेअरिंगं आतून दाबली जात असतील. मग ती मरणारच."

"हं," मास म्हणाला आणि ग्रीसचा डबा शोधायला लागला, जो त्याच्या समोरच होता.

त्याची नळी कुठून आली होती? मंडळाच्या संचातून. पहिल्यांदा बेअरिंग गेलं की मंडळ एक संच देतं, दोन बेअरिंगं आणि नवी नळी, आणि जुनी नळी भंगारात. ती नवी नळी पाक हार्दिमान यांचे जावई लेथवर कापतात. पाक त्यावर एक रुपयासुद्धा कमावत नाहीत, आणि खरी पंचाईत तीच आहे. कमावत असते तर लोकांनी निदान शिव्या तरी घातल्या असत्या. फुकटच्या उपकाराला शिवी कशी घालणार? पहिलं बेअरिंग कुणाचं चिखलानं गेलं असेल, कुणाचं जोराच्या पाण्यानं गाडी धुतल्यानं. त्यानंतरची सगळी त्या नळीनं खाल्ली. आणि मंडळातल्या प्रत्येकाच्या चाकात आज तीच नळी आहे.

रविवारी मी दोन्ही नळ्या फडक्यात बांधून चौकात गेले. भज्यांच्या ताटाशेजारी उभ्या करून ठेवल्या.

"पाक, ही माझी, कंपनीची. ही मासची, मंडळाची. बघा तुम्हीच."

कुणी बघितलं नाही. एवढी माणसं, आणि एकाचीही नजर टेबलावर नाही. कुणी वडाकडे बघतोय, कुणी आपल्या चपलेकडे. बाग्यो नावाचा एक तोंडाळ काका आहे, मोबाइलची दुकानदारी करतो. त्यानं नळ्यांवरून हात नेऊन भजं उचललं.

"बु वुर, आज टोफू नाही आणला?"

"आणला असता. तुम्ही बघून केळं म्हणाला असतात."

पाक हार्दिमान यांनी चष्मा लावला. दोन्ही नळ्या हातात घेतल्या, पुन्हा उभ्या केल्या, वरून बोट फिरवलं. बोट उंच नळीवरून आखूड नळीवर येताना खाली उतरलं, ते सगळ्यांना दिसलं.

"खरंय," ते म्हणाले. "बु वुरची जरा लांब आहे."

"लांब?"

"आता बघा, इथे बसलेत त्या सगळ्यांच्या सारख्या आहेत. एकट्या तुमचीच वेगळी. मग चूक कुठे असेल? मी काही म्हणत नाही, तुम्हीच सांगा."

"तरीच हिच्या गाडीला दुखणं नाही," बाग्यो म्हणाला. "दुखणं नाही म्हणजे अस्सल नाकतोडा नाही. आधीच्या मालकानं काहीतरी करून ठेवलंय गाडीला."

"काय करून ठेवलंय? धड ठेवलंय?"

काका लोक हसले, पण पाककडे बघून, ते हसताहेत का याचा अंदाज घेत. पाक हसत नव्हते. ते माझ्याकडे फार मायेनं बघत होते. "ठेवून जा," ते म्हणाले. "जावयाला सांगतो. बाकीच्यांच्या बरोबरीची करून देईल. तुम्ही आमच्याच आहात."

मी नळी फडक्यात गुंडाळली आणि निघाले. मास पाकना वाकून, दोनदा माफी मागून, मग माझ्यामागे आला.

"चारचौघांत असं करायचं असतं का, यानी?" तो वाटेत म्हणाला. मला यानी म्हणणारा तो एकटाच.

"मग कुठे करायचं? तुमचं चाक धरतं ते चारचौघांत नाही धरत का?"

"मला दिसत नाही असं वाटतं का तुला? आंधळा आहे का मी?"

मी थांबले. "दिसतंय?"

"सगळ्यांनाच दिसतंय. दिसून बरेच दिवस झाले." मासनं इकडेतिकडे बघितलं. "पण पाकना कोण सांगणार? माझ्या बाबांचा जनाजा निघाला तेव्हा पहिला खांदा त्यांचा होता. बाग्योच्या पोराला शाळेत त्यांनी घातलं. अशा माणसाच्या तोंडावर सांगायचं, की तुमची नळी आखूड आहे म्हणून?"

भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं सांगून गेलीत. आमच्या गावात ती पट्टराणी आहे. न दिसणाऱ्या माणसाचा मला राग आला नसता. दिसत असून भजी खाणाऱ्यांचं काय करायचं? त्या दिवशी मी जेवले नाही. मासनं चाकं बसवली, माझ्यात माझी नळी, त्याच्यात त्याची, आणि मी समोर उभी राहून बघितलं.

रेत्नोच्या खेपा सुरू होत्या. क्रेट काढून ठेवायचे, सीटवर उशी बांधायची, वर जायचं, पोरीला मागे बसवून सावकाश खाली आणायचं. ती माझ्या कमरेला धरून बसायची आणि तिचं पोट माझ्या पाठीला लागायचं. एकदा आतून लाथ बसली ती मलाही कळली. मधे माझा मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून मासनं चाक काढून नेलं आणि नवा टायर घालून आणलं. मी त्याला बरं वाटावं म्हणून टायरचं कौतुकही केलं.

मग एका मंगळवारी केजाजारहून निघालो तेव्हा धुकं होतं. रेत्नोचे पाय सुजले होते आणि डोकं दुखतंय म्हणत होती. सुईणबाईंनी निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, आज उशीर करू नका. दोन वळणं उतरलो आणि मागून घरघर आली.

मला आधी वाटलं ट्रक आहे. मागे ट्रक नव्हता. पुढच्या वळणावर गाडीनं बूड एकीकडे टाकलं आणि मी तो आवाज ओळखला. मासच्या मागे बसून इतकी वर्षं तोच ऐकला होता. मी पाय घासत घासत गाडी कडेला घेतली.

"काय झालं, आई?"

"काही नाही. उतर. हळू उतर."

हबवर थुंकले तर चर्र झालं. रेत्नोला बटाट्याच्या बांधावर बसवलं, माझं जॅकेट तिच्या पाठीशी दिलं आणि मासला फोन केला. तो आला तेव्हा एकटा नव्हता. त्यानं मंडळाला कळवलं होतं, आणि मदतीला धावण्यात मंडळाचा हात कुणी धरणार नाही. पाक हार्दिमान पुढे, मागे सगळी रांग, दिवे लावून. कुणी थर्मास आणला होता, कुणी हत्यारं. दोन काका रस्त्यावर उभे राहून गाड्यांना हात दाखवायला लागले. बघणाऱ्याला वाटावं, किती चांगली माणसं.

मासनं चाक सोडलं. नळी बाहेर काढली आणि झटकन फडक्यात घेतली, पण माझ्या डोळ्यांनी तोवर तिचं टोक बघितलं होतं. नळी जुनी, काळपट, आणि एक टोक नव्या नाण्यासारखं चकचकीत. ताजं कापलेलं.

"मास."

तो फडकंच घडी करत बसला.

"टायर बदलायला नेलं तेव्हा?"

"पाकनी तीनदा विचारलं, यानी. पहिल्यांदा टाळलं, दुसऱ्यांदाही टाळलं. तिसऱ्यांदा त्या माणसाला नाही कसं म्हणायचं? केसभर तर घेतली. ते म्हणाले, आता सगळे बरोबरीचे होतील."

मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे. सोयाबीनच्या पाण्याची नाली मीच उपसते. पण माझ्या नवऱ्यानं, पोटुशी पोर जिच्यावर बसते त्या गाडीची, गावातली एकुलती एक धड नळी, चुकीच्या नळ्यांची लाज राखायला कापून आणली, आणि तो मला केसभर म्हणून सांगत होता. मला तिथेच ओकारी आली. मी रस्त्याच्या कडेला जाऊन खरोखर ओकले.

परत आले तर बाग्यो फोटो काढत होता. "बु वुर, पहिलंच ना हे? अभिनंदन. आता झालात अस्सल."

पाक हार्दिमान यांच्या हातात संच होता, कोरा, कागदात बांधलेला. त्यावर बिल्ला ठेवलेला. "घ्या," ते म्हणाले. "काही द्यायचं नाही. उपजत दुखणं आहे, कधी ना कधी व्हायचंच."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "रेत्नोला खाली न्यायचंय. आत्ता. तुम्ही न्या."

"मी?"

"तुमची गाडी उभी आहे, चाक फिरतंय. मागे बसवा आणि न्या."

पाकनी रेत्नोकडे बघितलं, मग उताराकडे. "अवघडलेल्या पोरीला दुचाकीवर नको, बु वुर. रस्ता बरा नाही."

"दर रविवारी घरच्यांना मागे घेऊन याच रस्त्यानं फिरायला जाता."

"ते आम्ही सावकाश जातो."

"मग सावकाश न्या. मला घाई आहे, पण मी थांबेन."

मी बाग्योकडे वळले. "बाग्योकाका, तुम्ही नेता?"

"नेलं असतं. पण माझं कालपासून जरा घरघर करतंय."

"तुम्ही, काका?"

शेजारच्यानं आपल्या चाकाकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली. मी रांगेतल्या प्रत्येकाला विचारत गेले. कुणाचा प्ले वाढलेला, कुणी कालच संच बदललेला आणि अजून भरवसा आलेला नाही. मासला मी विचारलंच नाही. तो तळव्याला लागलेलं ग्रीस पुसत होता, आणि ते पुसून संपत नव्हतं. इतके हिरवे नाकतोडे, घासून पुसून लखलखीत, टाकीवर बिल्ले, आणि माझ्या पोरीला बसवायला त्यात एकही चाक नव्हतं. हे मला एकटीलाच माहीत होतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

कोबीचा ट्रक येत होता. त्याला हात केला तो पाक हार्दिमान यांनी. स्वतः रस्त्याच्या मधे जाऊन उभे राहिले, ड्रायव्हरशी बोलले, केबिनचं दार उघडून धरलं. रेत्नोला चढवताना त्यांनी तिच्या डोक्याला वरचा पत्रा लागू नये म्हणून हातही धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही.

"पाक," मी म्हटलं, "ही नळी आखूड आहे."

"गाडी सुटतेय, बु वुर," ते हळूच म्हणाले.

मी चढले. मासनं खालून विचारलं, "तुझ्या गाडीचं काय करू?"

"मंडळाची झाली ना आता. मंडळाला विचारा."

"असं काय बोलतेस? चाक बसवून देतो ना."

"तुमच्या पोरीचं डोकं दुखतंय," मी म्हटलं. "मागे कोबीवर जागा आहे. चढा."

त्यानं ट्रकच्या फळीला हात घातला. एक पाय चाकावर ठेवला. ड्रायव्हरनं गियर टाकला, गाडीनं हिसका दिला, आणि मला वाटलं, आला. मग त्यानं मान वळवून पाक हार्दिमान यांच्याकडे बघितलं. पाक संच कागदात परत गुंडाळत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मास थांबला, त्यांनी वर बघेपर्यंत. त्यांनी वर बघितलं असेल, मान हलवून जा म्हटलंही असेल. आम्ही तोवर पुढच्या वळणाला पोचलो होतो.